मामांची अख्खी मॅच

आमच्या टीममध्ये कुणाला आत पाठवायचं आणि कुणाला बाहेर काढायचं, हे ठरवण्याचं काम माझ्याकडे होतं. माझ्या फुटबॉलच्या ज्ञानाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मी सगळ्यांत वाईट खेळायचो, म्हणून बहुतेक वेळ टर्फच्या जाळीला टेकून बाहेर उभा असायचो, आणि जो बाहेरच उभा आहे त्याने घड्याळ बघावं असं कॅप्टनने ठरवून टाकलं होतं. सुरुवातीला मला त्याचा राग आला. नंतर त्या कामाची गोडी लागली. कंपनीत मी स्टोअरला आहे. तिथे दिवसभर माल आत घ्यायचा आणि बाहेर सोडायचा असतो, तेच रविवारी सकाळी माणसांच्या बाबतीत करायचं.

टीम थेरगावची, पस्तिशीच्या पुढच्यांची. लीग वाकडच्या आयटीतल्या पोरांनी काढलेली. सात-सात जणांच्या टीम, भाड्याचं टर्फ, प्लॅस्टिकचं हिरवं गवत आणि चारी बाजूंनी जाळी. त्या पोरांना शनिवार-रविवार सुट्टी, म्हणून लीगही शनिवार-रविवारी. आमच्यात पिंपरी-भोसरीच्या जुन्या कंपन्यांतल्यांना गुरुवारची सुट्टी आणि चाकणवाल्यांची सुट्टी शिफ्टप्रमाणे फिरती. त्यामुळे एका मॅचला सात माणसं उभी करायची म्हणजे आठवडाभर कुणी ना कुणी कुणाच्या तरी हातापाया पडून शिफ्ट बदलून घेत असायचा. एखादा रात्रपाळी करून कंपनीच्या बसमधून डांगे चौकात उतरायचा आणि तसाच लाल डोळ्यांनी टर्फवर यायचा. समोरची टीम मॅचच्या आधी बाटलीतून कसली तरी पावडर घुसळून प्यायची, आमचा गोलकीपर वडापाव खायचा. तरी आम्ही अधूनमधून जिंकायचो, आणि त्याचं बरंचसं श्रेय मामांचं असायचं.

मामा कुणाचेच मामा नव्हते. टीममध्ये वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून मामा. मूळचे परभणीकडचे. आयटीआय करून विशीत इकडे आले आणि चाकणच्या एका प्लांटमध्ये वेल्डिंगच्या लाइनवर लागले. सुरुवातीला भाड्याच्या खोलीत एक मल्याळी जोडीदार होता, त्याने यांना फुटबॉलचा नाद लावला. तो जोडीदार कधीच आखातात गेला, नाद मात्र मागे राहिला. मामा बॅकला खेळायचे. पळायचे जवळजवळ नाहीतच. बॉल कुठे येणार हे त्यांना आधी कळायचं आणि तो येईपर्यंत ते तिथे निवांत उभे असायचे, बस यायची वाट बघत थांब्यावर उभं राहावं तसे. आयटीतली पंचविशी-तिशीची पोरं गाठीशी असलेला सगळा वेग लावून यायची आणि मामांच्या पायाशी येऊन त्यांचा बॉल जायचा. ती बिचारी पुन्हा पुन्हा तेच करायची आणि मला पुन्हा पुन्हा तितकंच हसू यायचं.

उजवा गुडघा मात्र मामांचं ऐकत नव्हता. इतकी वर्षं लाइनवर उभं राहून तो झिजला होता. सकाळी मॅचच्या कितीतरी आधी ते येऊन टर्फच्या बाहेर फेऱ्या मारत राहायचे. गुडघ्याला तेल चोळलेलं, त्यावर पट्टी. गुडघा उघडायला वेळ लागतो, असं ते म्हणायचे, आणि एकदा उघडला की हलता ठेवावा लागतो. पाच मिनिटं बसलं की तो पुन्हा धरायचा. आमच्या लीगमध्ये बाहेर काढलेला माणूस पुन्हा आत जाऊ शकतो. मामांना तेवढं जमायचं नाही. त्यांना बाहेर काढलं की मॅच त्यांच्यापुरती संपायची.

आणि बाहेर तर मलाच काढावं लागायचं. दुसऱ्या हाफमध्ये त्यांचं एखादं पाऊल कमी पडायला लागलं की मी हात वर करायचो. ते येऊन एका पालथ्या क्रेटवर बसायचे आणि पट्टी सोडायला लागायचे. चहा येईपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलायचे नाहीत. चहानंतर सगळं विसरायचे, पण तेवढा वेळ मला फार जड जायचा. आमच्या टीमकडून मामांनी पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत मॅच अशी कधी खेळलीच नव्हती.

गेल्या थंडीत एका रविवारी चहा पिता पिता त्यांनी सांगितलं की त्यांची लाइन गुजरातच्या प्लांटला चालली आहे आणि लाइनबरोबर तेही. जायचं नसेल तर नोकरी सोडा, असा सरळ हिशेब होता. मुलगी इंजिनिअरिंगला, तेव्हा नोकरी सोडायचा प्रश्न नव्हता. पुढच्या पंधरवड्यात लीगचा शेवटचा आठवडा होता. शनिवारी सेमी, जिंकलो तर रविवारी फायनल, हरलो तर रविवारी तिसऱ्या नंबरसाठी मॅच. सोमवारी मामांची गाडी. तिकडे जाऊन या वयात नवी टीम कोण देणार, हे त्यांना आणि आम्हाला कळत होतं. कुणी बोललं नाही एवढंच.

बोलला तो कॅप्टन. कॅप्टन मूळ थेरगावचा. घरची शेती होती तिथे आता बिल्डिंगी आहेत आणि त्यांची भाडी येतात. माणूस सोन्यासारखा. टीममधल्या कुणाच्या घरी आजारपण असो, गाडी घेऊन आधी हा हजर. पण कुणाचा सत्कार करायचा राहिला असेल तर त्याला झोप लागत नाही. त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, की मामांना आपण दणक्यात निरोप द्यायचा.

मामांनी लगेच हात हलवला.

"सत्कार-बित्कार काय नको बगा. एकच करा. रविवारची म्याच मला अख्खी खेळू द्या. मधी काढू नका."

शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. मी शब्द दिला. कॅप्टनही बरं बरं म्हणाला, आणि मला वाटलं विषय मिटला. मी इथलाच, या माणसांत वाढलेला, तरी मला तसं वाटलं हे नवल आहे. आपल्याकडे सत्कार नको म्हणणं हीसुद्धा सत्काराचीच रीत असते. ज्याला नको असतो तोही नको म्हणतो आणि ज्याला हवा असतो तोही नकोच म्हणतो, आणि चांगली माणसं दोघांचाही करतात. मामांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी खरंच नको होतं, पण ते कळायला मार्ग नव्हता. मी कॅप्टनला नंतर एकदा आठवण करून दिली तर तो माझ्यावरच चिडला. "आमचा माणूस हाय त्यो," तो म्हणाला. "त्याला असाच मोकळ्या हातानं जाऊ द्यायचा व्हय?" त्याचं मामांवर माझ्यापेक्षा जास्तच प्रेम होतं.

शनिवारी मामा खेळले नाहीत. दोन दिवस लागोपाठ खेळायचं त्या गुडघ्याचं वय राहिलं नव्हतं, तेव्हा जे काही आहे ते रविवारसाठी ठेवायचं असं ठरलं. तरी ते सगळ्यांच्या आधी आले. जाळीबाहेर फेऱ्या मारत राहिले आणि आमच्या नवख्या बॅकला कुठे उभं राहायचं ते बाहेरून सांगत राहिले. आम्ही एका गोलने जिंकलो. तो गोल कसा झाला हे विचारू नका. समोरच्याच्या खांद्याला लागून गेला. पण फायनलला पोचलो, आणि मामांचा चेहरा असा खुलला, जणू घरातलं लग्न ठरलंय.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. उद्या मामीही येणार आहेत, म्हणाले. इतकी वर्षं रविवारी सकाळी उठून नवरा कुठे जातो आणि दुपारी लंगडत का येतो, हे त्या बाईने कधी बघितलं नव्हतं. मग मामांनी विचारलं, उद्या काढणार नाही ना. मी म्हटलं, तुम्ही स्वतः म्हणेपर्यंत नाही.

रविवारी सकाळी मी टर्फवर पोचलो तेव्हा मामांचा गुडघा उघडलेला होता. ते जाळीच्या कडेने चक्क पळत होते. अंगावर जर्सी, कपाळावर घाम. मामी एका बाजूला पदर सावरून उभ्या होत्या आणि नवरा पळतोय हे बघून त्यांना हसू येत होतं. मला वाटलं, आज काही काळजी नाही.

मग मला गेटपाशी टेम्पो दिसला. मांडववाल्याची दोन पोरं प्लॅस्टिकच्या खुर्च्या उतरवत होती. मागोमाग स्पीकर, माईक, हारांची परडी, फेटे बांधणारा माणूस, आणि मामांच्या फोटोचा भलामोठा फ्लेक्स. फोटो कंपनीच्या ओळखपत्रावरचा काढून मोठा केलेला, त्यामुळे मामा त्यात पोलिसांना हवे असल्यासारखे दिसत होते. खाली मामांच्या फोटोपेक्षाही मोठा फोटो आमच्या भागातल्या एका साहेबांचा होता. निवडणुका जवळ आल्या होत्या आणि साहेबांना जो बोलावील त्याच्याकडे ते जात होते. कॅप्टनने मला बाजूला घेऊन सांगितलं की दहा मिनिटांचा कार्यक्रम आहे, शाल-श्रीफळ, दोन शब्द, आणि लगेच मॅच. लीगवाल्या पोरांशी बोलणं झालेलं होतं. त्यांनाही साहेब येणार म्हटल्यावर बरं वाटलं होतं.

टर्फ दीड तासासाठी घेतलेलं होतं. त्यापुढचा वेळ कुठल्याशा कंपनीने आपल्या कामगारांच्या खेळांसाठी आधीच घेऊन ठेवला होता. मॅच पाऊण-एक तासाची, तेव्हा हिशेबाला जागा होती, असं मीही मनाशी म्हटलं.

मामांना मधल्या खुर्चीत बसवलं. फेटा बांधला. जर्सी, हाफ पँट, गुडघ्याला पट्टी आणि डोक्यावर गुलाबी फेटा. मामी शेजारच्या खुर्चीत. मामांनी एकदा विचारलं की तोवर मी जरा फिरू का, तर फेटेवाल्याने त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं, कारण फेटा अजून ओला होता. आम्ही साहेबांची वाट बघत उभे राहिलो. साहेब आधीच्या कार्यक्रमात अडकले होते. मग निघाले होते. मग वाटेत होते. समोरची टीम सभ्य पोरांची. ती बॉल पायात फिरवत राहिली, मग कंटाळून फेटे मागून घेऊन फोटो काढायला लागली. मी घड्याळ बघत होतो, तेच माझं काम होतं.

साहेब आले तेव्हा मैदानात एकदम चैतन्य आलं. त्यांच्यामागे दहा-बारा जण. सत्कार सुरू झाले, आणि तिथे कळलं की सत्कार एकट्या मामांचा नाही. साहेबांचा आधी, मग लीग भरवणाऱ्या पोरांचा, मग टर्फच्या मालकाचा, मग समोरच्या कॅप्टनचा. तो बिचारा ओरिसाकडचा, त्याला हातात नारळ का दिला हे कळेना. रेफ्रीचाही झाला. माझाही झाला. मला गुलाबाचं फूल मिळालं आणि ते घेऊन कुठे ठेवावं हे सुचेना. मग मामा आणि मामी. शाल, श्रीफळ, मामींना साडी. टाळ्या वाजल्या. कॅप्टनच्या डोळ्यांत पाणी होतं. माईक हातात घेऊन तो बोलला, आणि खरं सांगायचं तर फार छान बोलला. मामा रात्रपाळी करून कसे यायचे, पोरांना पास कसा द्यायचा ते कसं शिकवायचे, भांडणं कशी मिटवायचे, सगळं सांगितलं. एरवी हा माणूस दोन वाक्यांत एक शिवी घालतो. त्या दिवशी एकही नाही.

कॅप्टन थांबला असता तर निभावलं असतं. पण त्याच्यानंतर साहेब उठले. तरुणांनी व्यायाम करावा, व्यसनांपासून दूर राहावं. आपण स्वतः कॉलेजात असताना विकेटकीपर होतो. या भागात भव्य क्रीडासंकुल उभं करायचा आपला मानस आहे. क्रिकेटला असेच दिवस यावेत. कुणीतरी मागून फुटबॉल म्हणून हळूच सांगितलं. मग साहेबांनी फुटबॉलवर पहिल्यापासून सुरुवात केली.

मी मामांकडे बघत होतो. शालीखाली त्यांचा हात गुडघ्यावर होता आणि तो गुडघा चोळत होता. दोन-तीनदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला त्या बघण्याचा अर्थ समजत होता. मी घड्याळ वर करून दाखवलं, जणू वेळ आवरणं त्यांच्या हातात होतं. दोन पावलं पुढे जाऊन माईकपाशी एवढंच म्हणायचं होतं, साहेब, माफ करा, टर्फची वेळ संपत आली. कुणी मला खाल्लं नसतं. पण खुर्च्या मांडलेल्या असल्या, हार घातलेले असले आणि माणूस बोलत असला की आपले पाय उचलत नाहीत. ते मला आजही डाचतं. गेटपाशी त्या कंपनीची माणसं जमायला लागली होती. एकसारख्या टोप्या घातलेली, हातात संगीत खुर्चीचं सामान. टर्फचा मॅनेजर मला बोटांनी किती वेळ उरला ते दाखवत होता.

भाषण संपलं तेव्हा पाव तासही उरला नव्हता. लीगवाल्यांनी घाईघाईने ठरवलं, दहा मिनिटांचा एकच हाफ आणि मग पेनल्टी. मॅनेजरने तेवढं चालवून घेतलं. मग साहेबांनी पांढऱ्या बुटाने बॉलला पहिली लाथ मारली. फोटो नीट आला नाही म्हणून परत मारली.

मामांनी शाल मामींच्या हातात दिली, फेटा उतरवला आणि आत गेले. चालण्यावरूनच मला कळलं. गुडघा धरला होता. तरी ते आपल्या जागी जाऊन उभे राहिले आणि रेफ्रीने शिट्टी वाजवली.

जे झालं ते बघवत नव्हतं, आणि त्यात गुडघ्यापेक्षा वाईट गोष्ट दुसरीच होती. समोरची पोरं मामांच्या अंगावर येईनात. एरवी जी त्यांच्यावर चाल करून यायची, ती त्यांना बघून वळत होती. बॉल मामांच्या पायाशी आला की दोन पावलं मागे सरून उभी राहत होती. एकाने तर स्वतःहून बॉल त्यांच्याकडे ढकलला आणि टाळ्या वाजवल्या. ज्याचा आत्ताच हार घालून सत्कार झाला त्याच्या पायातून बॉल कसा काढायचा. त्यांना वाटत होतं, आपण मान राखतोय. मामांना ते कळलं. त्यांनी बॉल अडवला, कुठेतरी पुढे मारला आणि जिथे होते तिथेच थांबले. मग दोन पावलं टाकून बघितली. दुसरं पाऊल पडलंच नाही नीट.

त्यांनी माझ्याकडे वळून हात वर केला. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःहून बाहेर यायला कधी हात वर केला नव्हता. आदल्या संध्याकाळी मी शब्द दिला होता की तुम्ही स्वतः म्हणेपर्यंत काढणार नाही. मी तो पाळला. दुसऱ्याला आत पाठवलं.

मामी जाळीजवळ आल्या होत्या. हातात साडी, शाल, नारळ. त्यांनी मला अगदी साधेपणाने विचारलं, "एवढंच असतं का?" मी हो म्हणालो.

पेनल्टीत आम्ही जिंकलो. लीगच्या इतिहासात थेरगावने पहिल्यांदा कप घेतला आणि कप सगळ्यांनी मामांच्या हातात दिला. आरडाओरडा झाला, फोटो झाले. टोप्या घातलेली माणसं आत येऊन खुर्च्या मांडायला लागली. मांडववाल्याच्या खुर्च्या तशाच राहू द्या, आम्हाला लागतील, असं त्यांचं म्हणणं होतं, त्यावरून कॅप्टनची थोडी बाचाबाची झाली.

घरी जाताना कॅप्टनने मामा-मामींना आपल्या गाडीत घेतलं. मीही मागे बसलो. कॅप्टन खुशीत होता. साहेब एवढ्या गडबडीत आले हेच किती, असं दोनदा म्हणाला. मग गाडी डांगे चौकात सिग्नलला थांबली तेव्हा त्याने मामांना विचारलं, कसा झाला कार्यक्रम. मामा म्हणाले, लई चांगला झाला. कॅप्टनला तेवढंच हवं होतं. तो आजही कुणी नवा माणूस टीममध्ये आला की त्याला सांगतो, आम्ही आमच्या माणसाला कसा निरोप दिला. मी तिथे असलो तर उठून पाण्याची बाटली भरायला जातो. त्याला खरं सांगावं असं मला कितीदा वाटलं, पण ज्याने एवढ्या मनापासून केलं त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं.

सोमवारी मामा गेले. फोन अधूनमधून व्हायचा, दोन-चार वाक्यांचा. दिवाळीत त्यांचा सावकाश फोन आला. मुलीचं बरं चाललंय, मामींना तिकडची हवा मानवत नाही. प्लांटच्या गेटसमोर मोठं मैदान आहे, पण तिथे कुणी खेळत नाही, ट्रक उभे राहतात. गुडघा आता चालतानाही वाजतो. त्यांनी कॅप्टनची, गोलकीपरची, टर्फवरच्या चहावाल्याची चौकशी केली. मग दोघांकडचंही बोलणं संपलं आणि मी इतके महिने मनात धरलेलं बोलून टाकलं. म्हटलं, मामा, त्या दिवशी मी उठून भाषण थांबवायला पाहिजे होतं. घड्याळ माझ्याकडे होतं. तुम्ही माझ्याकडे बघत होता.

मामांच्या आवाजात राग वगैरे काही नव्हता.

"तुमी कशाला," ते म्हणाले. "मी उठलो असतो की. साहेबाला म्हणलो असतो, आता खेळू द्या. कुणी नाई म्हणलं नसतं."

मी म्हटलं, तुम्ही कसे उठणार, सत्कार तुमचाच होता.

"तसं नाई, भाऊ. गुडघा धरायलाय ते मला कळत होतं. म्याच जायली ते बी कळत होतं. पण इतकी वर्षं लाइनवर काढली, माझ्याबद्दल माईकवरून कुणी चार शब्द बोललं नव्हतं. कॅप्टन बोलला. मला वाटलं साहेब बी अजून काही बोलतील माझ्याबद्दल. म्हणून बसून राहिलो. ते क्रिकेटचंच बोलत होते, तरी बसून राहिलो."